मोकळा गडी आणि रिकामी मंडळी

स्वतःच्या मुलाला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळणार हे ज्या गृहस्थाला ऑगस्ट संपत आला तरी सांगता येत नाही, तोच गृहस्थ एम्बापे कुठल्या क्लबात जाणार हे जानेवारीतच छातीठोकपणे सांगतो. माहेरी गेलेली बायको परत कधी येणार याचा ज्याला पत्ता नसतो, तो रोनाल्डोला रियाधहून लिस्बनला, लिस्बनहून मायामीला आणि मायामीहून परत रियाधला चहा थंड व्हायच्या आत नेऊन आणतो. अशा माणसांची आमच्या कोपरगावात एक भलीमोठी जमात तयार झाली आहे, आणि तिच्याविरुद्ध चार शब्द सुनवावेत म्हणून मी ही लेखणी उचलली आहे. (बँकेतली लेखणी टेबलाला दोरीने बांधलेली असते, त्यामुळे ती फार उंच उचलता येत नाही. पण उचलली आहे खरी.)

ज्या शब्दावरून हे सगळं रामायण घडतं तो शब्द म्हणजे 'फ्री एजंट'. आता 'एजंट' हा प्राणी कोपरगावकरांना नवा नाही. विम्याचा एजंट आहे, पिग्मीचा एजंट आहे, आरटीओचा एजंट आहे. शिर्डीला निघालेला भाविक आमच्या स्टेशनावर उतरला, की त्याच्या बॅगेला हात घालणारा लॉजचा एजंटही आहे. यांतला एकही फ्री नसतो. त्यामुळे २०२१ साली माझा पुतण्या जेव्हा घरात धावत येऊन ओरडला की, "काका, मेस्सी फ्री एजंट झाला!" तेव्हा आमच्या मातोश्री म्हणाल्या, "बरं झालं बाई. निदान कमिशन तरी घेणार नाही."

वाचकांतही काही मातोश्री असतील, म्हणून थोडक्यात खुलासा करतो. फुटबॉलचा खेळाडू क्लबाशी काही वर्षांचा करार करतो. करार चालू असताना दुसऱ्या क्लबाला तो हवा असेल, तर त्या क्लबाने पहिल्या क्लबाला पैसे मोजायचे. २०१७ साली पॅरिसच्या क्लबाने नेमारसाठी बार्सेलोनाला बावीस कोटी वीस लाख युरो मोजले होते. पण करार संपला, की खेळाडू मोकळा. जुन्या क्लबाला छदामही द्यावा लागत नाही, आणि ते वाचलेले पैसे नवा क्लब बराचसा खेळाडूच्याच खिशात घालतो. शिवाय कराराचे शेवटचे सहा महिने उरले, की खेळाडूला दुसऱ्या क्लबाशी उघडपणे बोलणी करता येतात. युरोपातले करार बहुधा ३० जूनला संपतात, म्हणजे बोलणी सुरू होतात १ जानेवारीला. बोलणी त्यांची सुरू होतात आणि बडबड आमची.

ही बडबड जिथे चालते ती टपरी आमच्या शाखेच्या अगदी समोर आहे. अध्यक्षस्थानी एक निवृत्त ड्रिलमास्तर. उपाध्यक्ष मेडिकलवाले शेठ. कार्यकारिणीत एक ऊसवाले बागाईतदार, आमच्या शाखेतला एक तरुण क्लार्क, आणि घरचा भेदी म्हणून माझा पुतण्या. यांच्यापैकी कोणीही माद्रिदला गेलेलं नाही. शेठ एकदा दुबईला गेले होते, म्हणून सौदी अरेबियाचं खातं त्यांच्याकडे.

या मंडळींचं भविष्य कसं असतं याचा एकच नमुना देतो. २०२२ च्या मे महिन्यात यांनी एम्बापेला माद्रिदला पोचवून, घर बघून, सामान लावून दिलं होतं. २१ मेला एम्बापेने पॅरिसशीच नवा करार केला. मास्तर दोन दिवस टपरीवर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं तो माद्रिदला जाणार. कधी जाणार असं म्हटलं होतं का?" यावर काय बोलणार! पुढे ३ जून २०२४ ला तो खरोखरच माद्रिदचा झाला, तेव्हा मास्तरांनी पेढे वाटले. दोन वर्षं उशिरा आलेल्या गाडीला 'वेळेवर' म्हणायचं कसब मी आजवर फक्त आमच्या स्टेशनावरच्या फलकात पाहिलं होतं.

रोनाल्डोची तर याहून कमाल. २६ मे २०२५ रोजी त्याने समाजमाध्यमावर दोन ओळी टाकल्या, की हा अध्याय संपला. झालं! आमच्या टपरीवर त्या एका महिन्यात तो सात देश आणि तीन खंड फिरून आला. शेठांनी त्याच्या पोरांच्या शाळेचाही विचार करून ठेवला होता. २६ जूनला त्याने काय केलं? होता त्याच क्लबाशी २०२७ पर्यंतचा करार केला. महिनाभर आमच्या मंडळींनी त्याच्यासाठी जो चहा ढोसला त्याचं बिल मात्र कोणी रियाधला पाठवलं नाही. ते टपरीवाल्याच्या वहीत 'उधार' या सदराखाली अजून आहे.

आमच्या धंद्यात संध्याकाळी कॅश एका रुपयाने जुळली नाही, तर तो रुपया सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. या मंडळींचं वर्षभरात एकही जुळत नाही आणि सगळे वेळेवर घरी जातात, जेवतात, गाढ झोपतात. पण मी म्हणतो, जाऊ द्या. अंदाज बांधणं हा गुन्हा नाही. त्यातून आम्ही कोपरगावचे! कोण कुठल्या गोटात जाणार हा आमच्या मातीतलाच विषय आहे.

पटत नसेल तर आमच्या बेटावर या. तिथे शुक्राचार्यांचं देऊळ आहे. देवांनी आपला कच विद्यार्थी म्हणून दैत्यांच्या गुरूकडे पाठवला, त्याने तिथे वर्षानुवर्षं सराव केला, संजीवनी विद्या हस्तगत केली आणि तो परत देवांच्या संघात दाखल झाला. फुटबॉलमध्ये याला 'लोनवर जाणं' म्हणतात. पुतण्याने हा शब्द मला प्रथम सांगितला तेव्हा मी सवयीने विचारलं, "जामीनदार कोण?" कचाच्या लोनला जामीनदार नव्हता, आणि व्याज म्हणून देवयानीचा शाप तेवढा मिळाला.

आणि आमचे राघोबादादा? पेशवाईच्या गादीवरून दूर झालेला हा मोठा मोहरा १७७५ साली सुरतेला जाऊन थेट इंग्रजांशी करार करून बसला. साष्टी आणि वसई देण्याचं कबूल केलं. तेव्हा पुण्याच्या पारापारांवर 'दादासाहेब आता कुणीकडे?' याखेरीज दुसरा विषय नसणार. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांचा तनखा ठरला, ते कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ मध्ये इथेच वारले. वाडा अजून आहे. तेव्हा मोठे खेळाडू शेवटी कुठे जातात याचं एक उत्तर आमच्या गावाकडे अडीचशे वर्षांपासून तयार आहे.

सारांश, अंदाजाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्याच्या पुढच्या शब्दाबद्दल आहे. खेळाडूने यांच्या मनातला क्लब निवडला तर तो शहाणा. दुसरा निवडला, की लगेच 'गद्दार'! हा शब्द आमच्या टपरीवर इतका स्वस्त झाला आहे, की साखर कमी पडली तर चहालाही तो लावतील. मेस्सी गद्दार, एम्बापे गद्दार, रोनाल्डो तर पैशाला विकला गेलेला गद्दार. इथे मात्र माझं डोकं फिरतं, आणि का फिरतं हे सांगण्यासाठी मला बागाईतदारांकडे वळलं पाहिजे.

एके दिवशी बागाईतदार असेच मेस्सीवर घसरले होते. मी शांतपणे विचारलं, "दादा, यंदा ऊस कुठे घातला?"

दादा जरा चपापले. आमच्या तालुक्यात सहकारी कारखाने दोन, आणि त्याच्या जोडीला गटही दोन, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दादांचे वडील एका कारखान्याचे पहिल्यापासूनचे सभासद. पण दादांनी यंदाचा ऊस तिसऱ्याच, तालुक्याबाहेरच्या कारखान्याला घातला होता. त्याने पहिली उचल जास्त दिली आणि टोळी वेळेवर पाठवली.

"साहेब, तो धंदा आहे," दादा म्हणाले.

"आणि फुटबॉल?"

"ते प्रेम आहे."

"प्रेम तुमचं आहे, दादा. पाय त्याचे आहेत."

पन्नाशी उलटलेल्या ऊसवाल्यांना झोनबंदी आठवत असेल. ज्या कारखान्याच्या क्षेत्रात तुमचं रान, त्याच कारखान्याला ऊस घालायचा. भाव कमी मिळो, तोड उशिरा होवो, उसाला तुरे येवोत, बांध ओलांडायचा नाही. शेतकरी संघटनेने त्याविरुद्ध रान उठवलं आणि पुढे ती बंदी गेली. आता कारखाने दुसऱ्याच्या क्षेत्रातला ऊस मिळवायला धावतात आणि शेतकरी दोन ठिकाणी भाव विचारू शकतो. झोनबंदी उठली म्हणून शेतकऱ्याला कोणी गद्दार म्हणालं का? काही चेअरमन म्हणाले असतील, पण निदान शेतकऱ्यांनी तरी टाळ्या वाजवल्या.

फुटबॉलमध्येही अशीच झोनबंदी होती, आणि ती उठवणाऱ्या माणसाचं नाव आमच्या टपरीवर एकालाही माहीत नव्हतं. झां-मार्क बोसमन. बेल्जियमचा. काही मोठा खेळाडू नव्हे, बेताचाच. १९९० साली लिएजच्या क्लबाशी त्याचा करार संपला. क्लबाने नवा करार पुढे केला तो पगार चौथाईवर आणून. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबात जायचं होतं. क्लब म्हणाला, जा की, पण आम्हाला पैसे मिळाले पाहिजेत. करार संपलेला, पगार बंद, आणि माणूस मात्र अजून यांच्याच दावणीला! आमच्या भाषेत सांगायचं तर कर्ज फिटलं, पण गहाणखत परत द्यायला बँक तयार नाही. बोसमन कोर्टात गेला. पाच वर्षं लढला. १५ डिसेंबर १९९५ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपल्यावर युरोपीय संघातला खेळाडू संघातल्याच दुसऱ्या देशातल्या क्लबात जाऊ शकतो, आणि जुन्या क्लबाला त्यासाठी पैसे मागता येणार नाहीत.

त्या निकालावर पुढे शेकडो खेळाडू गब्बर झाले. बोसमन स्वतः? निकाल लागला तेव्हा त्याची तिशी उलटली होती, पाय थकले होते, आणि पुढचं आयुष्य बरंचसं हलाखीत गेलं. विहीर त्याने खणली आणि पाणी इतरांनी पाजलं आपापल्या उसाला. आज ज्याला आपण 'फ्री एजंट' म्हणून मिटक्या मारत चघळतो, तो शब्द एका माणसाने आपली सगळी कारकीर्द खर्ची घालून कमावलेला आहे. निदान त्याच्यापुढे 'गद्दार' हा शब्द लावताना जीभ थोडी अडखळावी, एवढंच माझं म्हणणं.

आता मेस्सीच्या 'गद्दारी'चा हिशेब मांडू. हिशेब हा माझा धंदाच आहे. १४ डिसेंबर २००० रोजी, तो तेरा वर्षांचा असताना, बार्सेलोनाने त्याला घेण्याचं पहिलं वचन दिलं ते एका कागदी नॅपकिनवर. (आमच्याकडे म्हैस घ्यायला कर्ज हवं असलं तरी कागदांची चळत लागते.) तो नॅपकिन २०२४ च्या मे महिन्यात लंडनच्या लिलावगृहाने सात लाख बासष्ट हजार चारशे पौंडांना विकला. २०२१ च्या ३० जूनला त्याचा करार संपला. अर्ध्या पगारावर राहायला तो तयार होता. पण क्लबाने इतका खर्च करून ठेवला होता, की स्पेनच्या लीगच्या नियमात त्याचा अर्धा पगारही बसेना. ५ ऑगस्टला क्लबाने स्वतःच जाहीर केलं, की तो राहू शकत नाही. ८ ऑगस्टला तो पत्रकारांपुढे ढसाढसा रडला आणि १० ऑगस्टला त्याने पॅरिसशी करार केला. वीस वर्षं नॅपकिनला जागलेला माणूस हा! आणि आमचे शेठ, ज्यांनी गेल्या पाच वर्षांत तीन बँका बदलल्या, पाव टक्का व्याजासाठी, ते म्हणतात, "शेवटी पैशाला भुललाच!"

एम्बापेचंही तेच. तो पॅरिस सोडून गेला, म्हणून त्याला कृतघ्न म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं, की जाताना त्याचा पगार आणि बोनस क्लबाने अडकवून ठेवला होता. २०२५ च्या डिसेंबरात पॅरिसच्या कामगार न्यायालयाने क्लबाला सुमारे सहा कोटी युरो त्याला द्यायला लावले. आम्हा बँकवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आकड्यामुळे नव्हे हो. 'एरियर्स' हा शब्दच असा आहे, की तो कोणाचेही मिळाले तरी आम्हाला गहिवरून येतं.

मास्तर यावर म्हणतात, "पण निष्ठा म्हणून काही आहे की नाही? टॉट्टी बघा!" बघतो की. फ्रान्चेस्को टॉट्टी १९९३ ते २०१७ एकट्या रोमासाठी खेळला. त्याला माझा साष्टांग नमस्कार. पण मास्तर, त्या चोवीस वर्षांतली बरीचशी वर्षं त्याला दुसरी दारं उघडी होती आणि तरी तो राहिला, म्हणून त्या राहण्याला किंमत आहे. खुंट्याला बांधलेल्या बैलाला कोणी एकनिष्ठ म्हणत नाही. आमच्या टेबलावरची लेखणी गेली सहा वर्षं जागची हललेली नाही, म्हणून तिचा सत्कार करायचा का? दोरी सोडून बघा, अर्ध्या तासात ती कोणाच्या तरी खिशात असेल. निष्ठा हवी असेल तर आधी दोरी सोडावी लागते. जो जाऊ शकतो आणि राहतो तो निष्ठावान. जो जाऊ शकतो आणि जातो तो आपलं आयुष्य जगतो. यात गद्दार कुठे आला?

आणि हा न्याय आपण स्वतःला कधी लावतो का? मास्तरांचे चिरंजीव पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहेत. चार वर्षांत तिसरी कंपनी. प्रत्येक वेळी मास्तरांनी पेढे दिले आणि सांगितलं, "पॅकेज दीडपट झालं!" पहिल्या कंपनीच्या गेटवर कोणी त्याचा शर्ट जाळला नाही. कारण काय, तर तो मुलगा आपला आणि मेस्सी फक्त आपल्या करमणुकीचा.

आता जरा घरी येऊ. युरोपातल्या गड्याला निदान 'कुठे जातोस?' असं विचारतात. आमच्याकडे ती भानगडच नाही. आमच्याकडे लिलाव! कांद्याच्या लिलावात मी शेतकऱ्यांबरोबर उभा राहिलेलो आहे. व्यापारी पुढे सरकतात, मूठभर कांदा उचलतात, आकडा ओरडतात. कांद्याला लासलगावला जायचंय की येवल्याला, हे कोणी कांद्याला विचारत नाही. आयपीएलच्या लिलावाची गत निराळी नाही. फळ्या वर होतात, हातोडा पडतो आणि खेळाडूला टीव्हीवरून कळतं की आपण कुठले.

आपल्याच जिल्ह्यातल्या, शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वीत जन्मलेला अजिंक्य रहाणे घ्या. मेलबर्नला शतक ठोकून, २०२१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका जिंकून आलेला कप्तान. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाहच्या लिलावात त्याचं नाव पुकारलं, तेव्हा एकही फळी वर झाली नाही. नंतरच्या फेरीत पुन्हा पुकारलं, तेव्हा कोलकात्याने मूळ किमतीला, दीड कोटीला घेतला. आणि पुढच्या मार्चमध्ये त्यालाच कप्तान केलं! सकाळी मोंढ्यात पडून राहिलेला माल संध्याकाळी देव्हाऱ्यात. त्या मधल्या तासांत त्याला काय वाटलं असेल, याचा अंदाज आमच्या टपरीवर कोणी बांधला नाही. तो रिषभ पंतच्या सत्तावीस कोटींत गर्क होता.

कबड्डीतही तेच. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर २०१९ साली एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली, आणि आपल्या जिल्ह्याचा अस्लम इनामदार कप्तान असताना पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला विजेतेपद मिळवलं, तेव्हा आम्हीही फटाके उडवले. पैसा मिळतो, मान मिळतो, आनंदच आहे. पण एकदा नाव लिलावात गेलं, की 'मला अमुक संघ हवा' असं म्हणायची सोय नाही.

अस्सल मराठी फुटबॉल पाहायचा तर कोल्हापुरात. बदलीच्या कृपेने तीन वर्षं मी तिथे होतो. (बदलीच्या अर्जात माझ्याकडून पसंतीची तीन ठिकाणं भरून घेतली होती. कोल्हापूर चौथं.) शाहू स्टेडियमवरच्या हंगामाआधी खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस येतात, तेव्हा पेठापेठांत दुसरा विषय नसतो. पाटाकडीलचा अमका शिवाजी मंडळाकडे चालला, खंडोबाने तमक्याला गाठला, दिलबहारचं काय, प्रॅक्टिस क्लबचं काय! तिथल्या अंदाजाला मी मानतो. कारण तिथे ज्याच्याविषयी अंदाज चाललेला असतो तो पोरगा संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर वडापाव खात असतो. अंदाज चुकला तर तो तोंडावर सांगतो. आणि त्याचा गुडघा दुखावला, तर दवाखान्यात कोण कोण येऊन गेलं हेही सगळ्या पेठेला माहीत असतं. अंदाज आणि आस्था एकाच घरात राहतात.

आमच्या टपरीवर मात्र आस्था रियाधला आणि माणसं इथे. म्हणजे काय होतं याचा पुरावा २२ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री गोव्यात मिळाला. आशियातल्या चँपियन्स लीग टू या स्पर्धेत एफसी गोवा आणि रोनाल्डोचा अल नस्र एकाच गटात आले. गटवारी निघाल्यापासून दोन महिने सगळ्या देशात एकच प्रश्न: रोनाल्डो गोव्याला येणार का? आमच्या शेठांनी तर मडगावच्या लॉजचा भाव काढला होता. रोनाल्डो आला नाही. अल नस्र २-१ ने जिंकलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर 'न आलेल्या' माणसावर दोन तास चर्चा झाली. गोव्याचा तो एक गोल कोणी मारला, असं मी विचारलं. एकालाही सांगता येईना. ब्रायसन फर्नांडिस, गोव्याचाच पोरगा. जगातल्या नामांकित खेळाडूंनी भरलेल्या संघाला त्याने घरच्या मैदानावर गोल मारला, आणि आपण फाटकाकडे बघत बसलो होतो, की रोनाल्डोची गाडी येतेय का.

आणि त्या रात्री आणखी एक गोष्ट खरी होती. देशातली सर्वांत मोठी फुटबॉल लीग, इंडियन सुपर लीग, तेव्हा सुरूच झालेली नव्हती. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराची मुदत संपत आलेली, नव्याचं ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये हंगामच लांबणीवर पडला. एकदोन क्लबांनी तर खेळाडूंचे पगारही थांबवले. २०२६ च्या जानेवारीत खेळाडूंनी जागतिक संघटनेला हात जोडले, आणि मग क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल असं जाहीर केलं. म्हणजे जवळजवळ सगळा हंगाम आपल्या देशात मोकळ्या गड्यांची रांग लागली होती. खरेखुरे फ्री एजंट! इतके फ्री, की कोणी हिंग लावून विचारेना. ज्या महिन्यात आम्ही रोनाल्डोच्या पोरांच्या शाळेची काळजी वाहत होतो, त्याच्याच पुढच्या महिन्यांत आपल्याकडच्या कितीतरी खेळाडूंना स्वतःच्या पोरांची फी कशी भरायची हा प्रश्न पडला असेल. त्यांच्याविषयी आमच्या टपरीवर एक अंदाज, एक पैज, एक शिवीसुद्धा झाली नाही.

म्हणून माझं या रिकाम्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. रोनाल्डोपुढे चार दारं उघडी असतात. तो कुठल्याही दारातून आत गेला तरी तिथे त्याच्यासाठी पाट मांडलेला असतो, तुमच्या अंदाजावाचून त्याचं जेवण अडत नाही. अंदाज करायचाच असेल, तर आपल्या तालुक्यातून पुण्याला कबड्डीच्या निवडीला जाणाऱ्या पोराचा करा. त्याला कोण घेणार? करारात काय लिहिलंय? तो त्याने वाचलाय का, की नुसती सही ठोकलीय? गुडघा मोडला तर खर्च कोण करणार? तिसाव्या वर्षी खेळ संपला तर पुढची तीस वर्षं तो काय करणार? हे प्रश्न अवघड आहेत, चार कप चहात सुटणारे नाहीत. पण यांचं उत्तर शोधताना माद्रिदची वर्तमानपत्रं वाचावी लागत नाहीत. तो पोरगा टपरीवरूनच रोज सायकलने जातो.

आणि तो उद्या जास्त पगारासाठी, बऱ्या प्रशिक्षकासाठी, किंवा नुसतंच आईच्या गावाजवळ राहायला मिळावं म्हणून संघ बदलून गेला, तर त्याला गद्दार म्हणू नका. माणूस मोकळा झाला, की 'हा आता कुठे जाणार?' असं शंभर जण विचारतात. 'बाबा रे, तुला कुठे जायचंय?' असं विचारणारा एखादाच. बोसमनला तो भेटायला पाच वर्षं आणि एक न्यायालय लागलं. बदलीच्या अर्जाची रीतसर प्रत जपून ठेवलेला एक क्लार्क या नात्याने मला त्याची किंमत थोडीफार कळते.